ब्राझीलमध्ये फुटबॉल खेळायची परवानगी कोणाला होती?

वर्ल्डकप जवळ आला की कोल्हापुरात पेठांमधून ब्राझीलचे पिवळे-हिरवे झेंडे लागतात. ब्राझील म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र उभं राहतं: किनाऱ्यावर अनवाणी खेळणारी पोरं, गरीब वस्तीतून वर आलेला काळा खेळाडू, पायाला चिकटल्यासारखा चेंडू. हे चित्र खरं आहे, फक्त ते बरंच नंतरचं आहे. (पिवळी जर्सीसुद्धा नंतरचीच. १९५० चा वर्ल्डकप घरच्या मैदानावर हरेपर्यंत ब्राझीलचा संघ पांढऱ्या जर्सीत खेळायचा.) ब्राझीलमध्ये फुटबॉल रुजला तो श्रीमंतांच्या क्लबांत. पुढची चाळीसेक वर्षं त्याचा सगळ्यांत मोठा झगडा मैदानाबाहेर, क्लबांच्या आणि लीगच्या कचेऱ्यांत चालला. वाद एकाच गोष्टीवर होता: खेळायचं कोणी?

सुरुवात कॉफीपासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साओ पावलोच्या पठारावर पिकणारी कॉफी रेल्वेने घाट उतरून सांतोस बंदरात यायची आणि तिथून जगभर जायची. ही रेल्वे इंग्रजी भांडवलावर चालायची. गॅस कंपनीही इंग्रजांचीच. त्यामुळे साओ पावलोत इंग्रज आणि स्कॉटिश अभियंते, कारकून, व्यापारी यांची चांगली वस्ती होती. त्यांनी १८८८ साली 'साओ पावलो अॅथलेटिक क्लब' काढला, तो क्रिकेटसाठी. त्याच वर्षी, १३ मे १८८८ रोजी, ब्राझीलने कायद्याने गुलामगिरी बंद केली. अमेरिका खंडात ती सगळ्यांत शेवटी इथे बंद झाली. ही तारीख लक्षात ठेवावी, कारण पुढे येणारे बरेचसे खेळाडू गुलामीतून सुटलेल्या माणसांची मुलं किंवा नातवंडं आहेत.

चार्ल्स मिलर हा याच रेल्वेच्या वस्तीतला मुलगा. वडील स्कॉटिश, आई इंग्रज वंशाची ब्राझिलियन. जन्म साओ पावलोचा, १८७४ चा. वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास त्याला शिक्षणासाठी इंग्लंडला, साउथॅम्प्टनला पाठवलं. तिथे तो फुटबॉल शिकला आणि उत्तम खेळू लागला. १८९४ मध्ये तो परत आला तेव्हा त्याच्या सामानात दोन चेंडू, हवा भरायचा पंप, बूट आणि नियमांचं पुस्तक होतं. १४ एप्रिल १८९५ रोजी साओ पावलोच्या व्हार्झेआ दो कार्मो या नदीकाठच्या सखल मैदानात त्याने सामना भरवला: रेल्वेवाले विरुद्ध गॅस कंपनीवाले. मिलरचा रेल्वेचा संघ ४-२ ने जिंकला. ब्राझीलमधला पहिला रीतसर सामना म्हणून हाच सांगितला जातो.

पण 'पहिला' हा मान कोणत्याही देशात एकट्या माणसाकडे राहत नाही. रिओजवळच्या बांगू इथल्या कापडगिरणीत टॉमस डोनोहो नावाचा स्कॉटिश रंगारी कामाला आला होता. त्याने मिलरच्या आधीच काही महिने चेंडू खेळवला, असं बांगूचे लोक अभिमानाने सांगतात. इटू गावातल्या जेझुइट शाळेत विद्यार्थी त्याही आधी चेंडू लाथाडत होते आणि बंदरांत इंग्रज खलाशी खेळत होते, अशाही नोंदी आहेत. माझ्या मते मिलरचं मोठेपण चेंडू आणण्यात कमी आणि संघटना बांधण्यात जास्त आहे. त्याने क्रिकेटवाल्या क्लबला फुटबॉलकडे वळवलं, प्रतिस्पर्धी तयार होऊ दिले, आणि १९०२ मध्ये साओ पावलोत लीग सुरू झाली तेव्हा स्वतः मैदानात उतरून क्लबला सलग तीन वर्षं विजेता केलं.

प्रतिस्पर्धी कोण होते ते पाहिलं की तेव्हाचा समाज दिसतो. मॅकेन्झी या अमेरिकन कॉलेजचे विद्यार्थी. हॅम्बर्गहून आलेल्या हान्स नोबिलिंगच्या भोवती जमलेले जर्मन, त्यांचा क्लब जर्मानिया. कॉफीच्या मळेवाल्यांच्या मुलांचा पाउलिस्तानो. रिओ द जानेरोत हेच काम ऑस्कर कॉक्सने केलं. तो स्वित्झर्लंडला, लोझानमध्ये शिकून आला होता, आणि १९०२ मध्ये त्याने मित्रांसोबत फ्लुमिनेन्से क्लब काढला. लारांजेरास या उच्चभ्रू भागात या क्लबचं मैदान होतं. सामन्याला बायका टोप्या आणि हातमोजे घालून यायच्या, सामन्यानंतर मेजवानी व्हायची. चेंडू आणि बूट युरोपातून मागवलेले, क्लबची वर्गणी भरमसाट, आणि सभासद व्हायचं तर आधीच्या सभासदांनी पसंत करायला हवं. वेगळी पाटी लावून कोणाला अडवायची गरजच नव्हती.

कुंपणाबाहेर मात्र खेळ पसरत होता. फाटक्या मोज्यात चिंध्या कोंबून चेंडू करता येतो आणि दोन दगड ठेवले की गोल होतो. साओ पावलोच्या नदीकाठच्या ज्या सखल पडीक जमिनींवर मिलरने पहिला सामना खेळला, तिथेच आता कामगार, फेरीवाले, स्थलांतरित इटालियनांची पोरं खेळू लागली. त्या जमिनींना 'व्हार्झेआ' म्हणतात आणि वस्तीतल्या हौशी फुटबॉलला ब्राझीलमध्ये आजही त्याच नावाने ओळखतात. १९१० मध्ये इंग्लंडचा कोरिंथियन हा संघ ब्राझीलचा दौरा करून गेला. त्याचा खेळ पाहून बोम रेतिरो या कामगार वस्तीतल्या काही जणांनी त्याच नावाचा क्लब काढला. पहिला अध्यक्ष होता एक शिंपी. आज कोरिंथियन्स हा देशातल्या सर्वांत मोठ्या क्लबांपैकी एक आहे.

आता कळीच्या मुद्द्याकडे येऊ. खेळ सगळीकडे पसरला, तरी मोठ्या लीगमध्ये खेळायला एक अट होती: खेळाडू हौशी हवा. वरवर ही अट फार सुंदर वाटते. खेळ प्रेमापोटी खेळावा, पैशासाठी नको, यात गैर काय? हा विचार इंग्लंडमधल्या बड्या शाळांतून आला होता. गंमत म्हणजे खुद्द इंग्लंडमध्ये १८८५ मध्येच पगारी खेळाडूंना मान्यता मिळाली होती, कारण तिकडच्या कारखानदार शहरांतले कामगार खेळाडू बुडालेल्या मजुरीचे पैसे मागू लागले होते. ब्राझीलच्या क्लबांनी मात्र जुना विचार घट्ट धरून ठेवला.

ही अट प्रत्यक्षात काय करते ते पाहा. रोज बारा-बारा तास गोदीत पोती वाहणाऱ्या माणसाला सरावाला वेळ कधी मिळणार? त्याने एक दिवस काम सोडलं तर त्या दिवसाची मजुरी गेली. ती भरून दिली, तर तो 'पैसे घेऊन खेळणारा' ठरतो आणि बाद होतो. भरून दिली नाही, तर तो खेळूच शकत नाही. घरचं खायला असलेल्या विद्यार्थ्याला, व्यापाऱ्याच्या मुलाला हा प्रश्न पडतच नाही. शिवाय लीगच्या नियमांत हळूहळू आणखी कलमं आली: हाताने मजुरी करणारा चालणार नाही, टिपवर जगणारा चालणार नाही, लिहिता-वाचता यायला हवं. त्या काळी ब्राझीलमधल्या निम्म्याहून जास्त प्रौढांना अक्षरओळख नव्हती, आणि गुलामीतून आलेल्या घरांत तर शाळा पोहोचलीच नव्हती. १८९१ च्या राज्यघटनेने निरक्षरांना मतदानाचा हक्कही नाकारला होता. फुटबॉलच्या कलमांत 'काळा' हा शब्द लिहायची गरज बहुतेक वेळा पडली नाही ती यामुळेच.

एकदा मात्र तो उघडपणे लिहिला गेला, आणि तो प्रसंग बांगूचा आहे. बांगू शहरापासून लांब. गिरणीतल्या इंग्रज साहेबांनी १९०४ मध्ये क्लब काढला, पण दोन संघ होतील एवढे इंग्रज तिथे नव्हतेच. म्हणून कामगारांना घेतलं. १९०५ च्या संघाच्या फोटोत फ्रान्सिस्को कारेगाल हा काळा विणकर इंग्रज आणि इटालियन सोबत्यांमध्ये बसलेला दिसतो. चेंडू त्याच्याच हातात आहे. खेळाडू कामगारांना गिरणीत पुढे थोडं हलकं काम मिळू लागलं, सरावाला लवकर सोडू लागले. गिरणीमालकालाही त्यात फायदा दिसला, कारण संघ जिंकला की कापडाचं नाव होतं. पण १९०७ मध्ये रिओच्या लीगने क्लबांना कळवलं की यापुढे 'रंगाच्या माणसांची' हौशी खेळाडू म्हणून नोंदणी होणार नाही. बांगूने आपले खेळाडू काढले नाहीत, तो लीगमधून बाहेर पडला. एका गिरणीच्या क्लबने १९०७ साली हे केलं, याचं मला फार मोल वाटतं.

बाकीच्या क्लबांत शिरायचं तर रंग लपवावा लागायचा. १९१४ च्या सुमारास कार्लोस आल्बेर्तो नावाचा मिश्र वंशाचा खेळाडू फ्लुमिनेन्सेकडून खेळू लागला. तो चेहऱ्याला तांदळाची पावडर लावून मैदानात यायचा. घाम आला की पावडर ओघळायची आणि समोरचे प्रेक्षक 'तांदळाची पावडर' म्हणून ओरडायचे. तो दाढीनंतर नेहमीच पावडर लावायचा, असं क्लबचं म्हणणं आहे. कारण काहीही असो, प्रेक्षक कशाला हसत होते हे स्पष्ट आहे. फ्लुमिनेन्सेच्या पाठीराख्यांनी पुढे तो टोमणाच आपलासा केला आणि आता ते संघ मैदानात येताना पांढरी पावडर उधळतात.

या सगळ्यातून वाट काढून देशाचा पहिला मोठा तारा झाला तो आर्थर फ्रिडेनरायश. १८९२ चा जन्म, वडील जर्मन वंशाचे, आई काळी ब्राझिलियन. डोळे हिरवट, केस कुरळे. केस सपाट चापून बसवण्यात तो इतका वेळ घालवायचा की मैदानात बहुधा शेवटी यायचा, असं त्याचे समकालीन सांगत. जर्मन आडनावामुळे साओ पावलोच्या क्लबांची दारं त्याला उघडी झाली. २१ जुलै १९१४ रोजी ब्राझीलचा राष्ट्रीय संघ पहिल्यांदा खेळला, इंग्लंडच्या एक्सेटर सिटीविरुद्ध. ब्राझील २-० ने जिंकलं, आणि फ्रिडेनरायशचे दोन दात पडले. २९ मे १९१९ ला दक्षिण अमेरिकेच्या अजिंक्यपदाचा निर्णायक सामना रिओत उरुग्वेशी होता. नव्वद मिनिटांत गोल नाही, जादा वेळेत नाही. पुन्हा जादा वेळ दिला आणि त्यात फ्रिडेनरायशने गोल मारला. एकूण दीडशे मिनिटांचा सामना, १-०. त्याचे बूट रिओतल्या जवाहिऱ्याच्या दुकानात काचेमागे मांडले होते, इतकं त्या गोलाचं कौतुक झालं.

तरीही दोनच वर्षांनी, १९२१ मध्ये ब्वेनोस आइरेसला जाणाऱ्या संघात काळे खेळाडू नकोत, अशी इच्छा खुद्द राष्ट्राध्यक्ष एपितासियो पेसोआ यांनी व्यक्त केल्याचं वर्तमानपत्रांत आलं. लीमा बारेतो या लेखकाने त्यावर संतापून लिहिलं. तो स्वतः काळा होता, आणि फुटबॉल देश फोडतो म्हणून त्याने १९१९ मध्येच फुटबॉलविरोधी संघटना काढली होती. त्याचा फुटबॉलवरचा राग मला पटत नाही, पण त्याने पाहिलेली फूट खरी होती.

भिंत खऱ्या अर्थाने हलवली ती वास्को द गामा या क्लबने. रिओतल्या पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी १८९८ मध्ये तो नौकानयनासाठी काढला. वास्को द गामा समुद्रमार्गाने भारतात पोहोचला त्याला तेव्हा चारशे वर्षं झाली होती, म्हणून हे नाव. आपल्या गोव्यातल्या वास्को शहरालाही त्याचंच नाव. फुटबॉलमध्ये हा क्लब उशिरा आला आणि १९२३ मध्ये पहिल्यांदाच रिओच्या वरच्या गटात खेळू लागला. संघ कसा होता? गोलकीपर नेल्सन टॅक्सी चालवायचा. सेसी भिंती रंगवायचा. निकोलिनो गोदी कामगार होता, बोलाओ ट्रक चालवायचा. काळे, मिश्र आणि गरीब गोरे असे सगळे, फक्त खेळ पाहून निवडलेले.

नियमाप्रमाणे खेळाडूला नोकरी असायला हवी, म्हणून पोर्तुगीज दुकानदारांनी यांची नावं आपल्या हजेरीपटावर चढवली. प्रत्यक्षात त्यांचा दिवस सरावात जायचा. रामोन प्लातेरो या उरुग्वेच्या प्रशिक्षकाने त्यांना रोज पळवलं. बाकीच्या क्लबांतली श्रीमंत मुलं दुसऱ्या सत्रात दमायची, तेव्हा वास्कोचे खेळाडू वेग वाढवायचे. सामना जिंकला की चाहत्यांकडून रोख बक्षीस मिळायचं. रिओत प्राण्यांच्या चित्रांवर पैसे लावायचा बेकायदा जुगार आपल्याकडच्या मटक्यासारखा घरोघर चालायचा. त्यावरून या बक्षिसाला 'बीशू', म्हणजे प्राणी, म्हणत. मोठ्या विजयाला 'गाय' मिळायची, छोट्याला 'ससा'. जिंकल्यावरच्या बोनसला ब्राझीलचे खेळाडू आजही बीशूच म्हणतात.

वास्कोने त्या मोसमात फक्त एक सामना गमावला आणि अजिंक्यपद पटकावलं. मोठ्या क्लबांना हे सहन झालं नाही. १९२४ च्या मार्चमध्ये फ्लुमिनेन्से, फ्लामेंगो, बोटाफोगो वगैरेंनी जुनी लीग सोडून 'आमेआ' ही नवी लीग काढली. बांगूही त्यात गेला. अध्यक्ष आर्नाल्दो गिन्ले. सांतोस बंदराच्या ठेक्यावर गब्बर झालेल्या घराण्यातले. नव्या लीगने खेळाडूंच्या कामाच्या ठिकाणी जाऊन चौकशी करायला माणसं नेमली. खेळाडूने अर्ज स्वतः भरायचा आणि सामन्याआधी कागदावर सही करायची. वास्कोला सांगण्यात आलं: यायचं तर या, पण तुमचे बारा खेळाडू काढून टाका.

७ एप्रिल १९२४ रोजी वास्कोचे अध्यक्ष जोझे आउगुस्तो प्रेस्तेस यांनी गिन्लेंना पत्र पाठवलं. छोटंसं, सभ्य पत्र आहे. हे बारा जण तरुण आहेत, त्यांच्या कारकिर्दीची सुरुवात आहे, त्यांच्या नावाला जाहीरपणे डाग लागेल अशा कृत्यात आम्ही सामील होणार नाही, म्हणून आम्ही तुमच्या लीगमध्ये येत नाही, असा त्याचा आशय. ब्राझीलमध्ये ते 'ऐतिहासिक उत्तर' म्हणून प्रसिद्ध आहे. खेळाच्या इतिहासातल्या मोजक्या थोर पत्रांत मी ते धरतो.

जुन्या लीगमध्ये राहून वास्को पुन्हा जिंकला. गर्दी त्यांच्या सामन्यांना व्हायची आणि तिकिटांचा पैसा नाकारणं मोठ्या क्लबांना जमेना, म्हणून १९२५ मध्ये त्यांनी वास्कोला आत घेतलं. तुमच्याकडे धड मैदान नाही, असंही वास्कोला ऐकवलं गेलं होतं. सभासदांनी आणि चाहत्यांनी वर्गणी काढली आणि साओ जानुआरियो हे स्टेडियम साधारण दहा महिन्यांत उभं केलं. २१ एप्रिल १९२७ ला ते उघडलं तेव्हा देशात त्याहून मोठं स्टेडियम नव्हतं.

हौशी अट यानंतरही कागदावर होतीच, पण ती आतून पोखरली गेली होती. सगळेच क्लब चोरून पैसे देऊ लागले होते. त्यात युरोपातून बोलावणी येऊ लागली. १९३१ मध्ये वास्को स्पेन-पोर्तुगालच्या दौऱ्यावर गेला तेव्हा फाउस्तो आणि गोलकीपर जागुआरे तिकडेच बार्सिलोनाकडे राहिले. साओ पावलोतले इटालियन वंशाचे खेळाडू रोमच्या लात्सिओ क्लबकडे गेले. त्यांच्यातला फिलो १९३४ मध्ये इटलीच्या जगज्जेत्या संघात होता. घरी फुकट आणि चोरून खेळण्यापेक्षा परदेशात उघड पगार घेतलेला बरा, हा साधा हिशोब होता.

शेवटी जानेवारी १९३३ मध्ये रिओत व्यावसायिक लीग स्थापन झाली. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. या बदलाला सगळ्यांत अभिजन असलेल्या फ्लुमिनेन्सेने पाठिंबा दिला, आणि त्यामागे हृदयपरिवर्तन नव्हतं. हौशी पद्धतीत खेळाडू हा क्लबचा सभासद असायचा. तो तुमच्या मेजवानीत बसणार, तुमच्या मुलीबरोबर नाचणार. काळा खेळाडू नको होता तो मुख्यतः यासाठी. पगार सुरू केला की खेळाडू क्लबचा नोकर होतो. मैदानात गोल मारायचा, महिनाअखेर पैसे घ्यायचे, दिवाणखान्यात यायचं नाही. व्यावसायिकतेने काळ्या खेळाडूंना मैदान दिलं ते असं, क्लबहाउसचं दार बंद ठेवून. तरी मैदान मिळालं ही गोष्ट लहान नव्हती. पोटापाण्याचा प्रश्न सुटला, आणि चांगला खेळाडू कुठल्याही रंगाचा असला तरी तो विकत घेणं क्लबांना भाग पडलं. नव्या लीगचं पहिलं अजिंक्यपद कोणी जिंकलं असेल? गिरणीवाल्या बांगूने.

राष्ट्रीय संघाला याची फळं मिळायला आणखी काही वर्षं गेली. १९३० च्या पहिल्या वर्ल्डकपला रिओ आणि साओ पावलोच्या संघटनांच्या भांडणात साओ पावलोचे जवळजवळ सगळे खेळाडू घरीच राहिले आणि युगोस्लाव्हियाकडून २-१ हरून ब्राझील बाहेर पडलं. १९३४ ला हौशी आणि व्यावसायिक संघटनांच्या भांडणामुळे पुन्हा अर्धवट संघ गेला, आणि स्पेनशी एकच सामना खेळून परत आला. तडजोड १९३७ मध्ये झाली. १९३८ ला फ्रान्समध्ये पहिल्यांदा रंग, शहर, पगार न पाहता संघ निवडला. लिओनिदासने सात गोल मारले, बचावात दोमिंगोस दा गिया होता, पोलंडला ६-५ असं हरवलं, आणि ब्राझील तिसरं आलं. सामने रेडिओवरून देशभर ऐकू गेले. लिओनिदासचं टोपणनाव 'काळा हिरा'. त्या नावाचं चॉकलेट बाजारात आलं आणि आजही मिळतं.

अध्यक्ष जेतुलियो व्हार्गास यांनी हे बळ ओळखलं. १ मे १९४० ला त्यांनी किमान वेतनाची घोषणा केली ती वास्कोच्या साओ जानुआरियो स्टेडियममधून. पण खेळायचं कोणी, या प्रश्नावर याच राजवटीने नवा अडसरही घातला. रिओच्या उपनगरांत तेव्हा बायकांचे संघ खेळत होते, त्यांच्या सामन्यांना गर्दीही होत होती. एप्रिल १९४१ च्या सरकारी हुकुमाने स्त्रियांना त्यांच्या 'प्रकृतीशी विसंगत' खेळ खेळायला मनाई केली, आणि त्यात फुटबॉल आला. ही बंदी १९७९ पर्यंत टिकली. पुरुषांचा संघ तोवर तीनदा जगज्जेता झाला होता.